सोळाव्या पानावरचा बर्फ

आठवीत इंग्रजीला गेडाम सर आले
आणि पहिल्याच तासाला म्हणाले,
घाबरू नका रे, मलाही ही तिसरीच.
घरात गोंडी, शाळेत मराठी, त्यानंतर ही.
मागच्या बाकावरून वसराम बोलला,
मलेबी तिसरीच, सर.
तांड्यावरची सहाही पोरं खुदकन हसली.
मी समजत होते, मला दुसरी.
पण मराठीच्या बाई माझ्या 'मले'खाली लाल रेघ मारायच्या,
म्हणजे घरची माझीही वेगळीच होती म्हणायची.

इंग्रजीच्या तासाला मात्र सगळेच चुकायचे.
पाटलाचा नितेश 'ही गो', मी 'शी गो'.
कोण कुणाच्या विहिरीवर जात नाही
हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत,
पण त्या एका एसपाशी
आम्ही एकाच रांगेत अडायचो.

सोळाव्या पानावर कविता होती.
तिच्यात स्नो पडायचा. सकाळी पडायचा, रात्री पडायचा,
कुणाच्या तरी बंद दारापाशी साचत राहायचा.
बाहेर मार्च. वर्गावरचे पत्रे कडकड वाजत होते.
सरांनी पुस्तक पालथं ठेवलं.
कसा असेल, सांगा.

कापसासारखा, चंद्रभागा म्हणाली,
आणि आम्हाला वाटलं, झालं, संपलं उत्तर.
सर म्हणाले, नाही.
कापसाच्या गंजीत हात घाल, ऊब लागते.
दुसरं सांग.
मिठासारखा. चुन्यासारखा.
गोळेवाला किसतो तसा.
हां, सर म्हणाले, जवळ आलात.

मग वसराम उठला.
तो उठायचा फक्त पाणी प्यायला.
म्हणाला, माय मेली तवा बर्फाच्या लादीवर ठेवली होती,
मामा सुरतेहून येईलोक.
दोन दिवस.
हात लावला तं चटका बसे.

पत्रेसुद्धा गप्प झाल्यासारखे वाटले.
सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.
म्हणाले, हो. तसा.
आता इंग्रजीत सांगशील?

वसराम छताकडे पाहत राहिला,
शब्द जणू तिथल्या वाशाला टांगलेले.
मदर, म्हणाला. आईस.
मग बराच वेळाने, वेटिंग मामा.

क्रियापद सुटलं की सर अख्खं पान परत लिहायला लावत.
त्या दिवशी त्यांनी ते तसंच फळ्यावर उतरवलं,
चार शब्द, एकाखाली एक,
आणि म्हणाले, वहीत घ्या.
मामाचं स्पेलिंग कसं, नितेशने विचारलं.
कुणी हसलं नाही.

वार्षिक परीक्षेत त्या कवितेवर पाच गुणांचा प्रश्न आला.
आम्ही गाईडमधलं घोकलेलं उतरवलं,
कवीने निसर्गसौंदर्याचे मनोहर वर्णन केले आहे,
त्याचं इंग्रजी, 'मनोहर'सकट.
मला चार मिळाले.
पेपर त्या वर्षी दुसऱ्या शाळेत तपासले गेले.
वसरामने काय लिहिलं ते त्याने सांगितलं नाही,
गुण सांगितले. शून्य.
दहावीला तो इंग्रजीतच गेला, सहा मार्कांनी.
तोवर सरांची बदली धारणीकडे झाली होती.

परवा दारव्ह्याहून दिग्रसला जायला काळी-पिवळीत बसले.
उन्हाने सीट तापलेली, अठरा जण भरल्याशिवाय हलायची नाही.
चालवणारा वसराम.
अगोदर मी ओळखलं, मग त्याने,
मग दोघांनीही ओळखलं नसल्यासारखं केलं थोडा वेळ.

उतरल्यावर मागची काच दिसली.
तिथे लोक आईचा आशीर्वाद लिहून घेतात, देवाचं नाव लिहून घेतात.
याने पेंटरकडून एकच इंग्रजी शब्द काढून घेतलेला,
वेटिंग.
पेंटरने पहिल्यांदा दोन टी घातले होते,
खरवडून पुन्हा लिहायला लावलं, म्हणाला.
सवाऱ्या हसतात.
त्यांना वाटते, गाडी भरेलोक थांबा
असं लिवलं आहे.